डॅम्प म्हणजे ओल नव्हे

प्रश्न: ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकाराला मराठीत ‘नीलतृण संगीत’ म्हणावं का? शिवाय केंटकी, वेस्ट व्हर्जिनियाकडच्या कोळसा खाणींवरच्या गाण्यांबद्दल वाचताना ‘ब्लॅकडॅम्प’, ‘आफ्टरडॅम्प’ हे शब्द भेटतात. त्यांचं भाषांतर ‘काळी ओल’, ‘नंतरची ओल’ असं केलेलं दिसलं. ते बरोबर आहे का?

उत्तर: काळी ओल पावसाळ्यात भिंतीवर येते. पोपडे खरवडले, चुना मारला की भागतं. ब्लॅकडॅम्पने माणूस उभ्याउभ्या कोसळतो. हे ‘काळी ओल’ प्रकरण वारंवार वाचनात येतं आणि दर वेळी डोकं फिरतं.

गोंधळाचं मूळ बहुधा केंटकीचा गायक मर्ल ट्रॅव्हिस याच्या ‘डार्क अ‍ॅज अ डंजन’ या १९४६च्या गाण्यात असावं. ते मुळात ब्लूग्रास नाही, पण ब्लूग्रासवाल्यांनी केव्हाच आपलंसं केलंय. त्यातली खाण दवासारखी ‘डॅम्प’ आहे, म्हणजे खरोखरच ओली. तिथे ओल लिहा, हरकत नाही. पण त्या एका विशेषणाच्या भरवशावर खाणीतले सगळे डॅम्प वाळत घालायला निघू नका.

खाणकामगाराच्या तोंडी ‘डॅम्प’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ घातक वायू. फायरडॅम्प म्हणजे मिथेन. हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी साठतो आणि हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीची वाट बघतो. व्हाइटडॅम्प म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पिंजऱ्यात कॅनरी पक्षी न्यायचे तो याच्यासाठी. स्टिंकडॅम्प म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. आफ्टरडॅम्प हा स्फोटानंतर मागे राहणारा खिचडा: कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन. टेनेसीत फ्रेटरव्हिलला १९ मे १९०२ रोजी २००हून अधिक माणसं गेली. त्यांतले काही जण स्फोटातून वाचले होते, आडोसा करून बसले, घरच्यांना चिठ्ठ्या लिहिल्या आणि मग याच हवेने गेले. ‘नंतरची ओल’ म्हणे!

आता ब्लॅकडॅम्प. कोळसा आणि खाणीतलं लाकूड हवेतला ऑक्सिजन हळूहळू खात राहतं. उरतो नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. बंद पडलेल्या जुन्या गाळ्यांत, खोलगट जागी हा तळाशी पडून असतो. त्याला रंग नाही; काळं होतं ते दिवा विझल्यामुळे. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की सेफ्टी लॅम्पची (जाळी लावलेल्या खाणदिव्याची) ज्योत मान टाकते आणि माणसाला मागे फिरायला वेळ मिळतो. कार्बाइडचा दिवा मात्र १२-१३ टक्क्यांपर्यंत जळत राहतो. म्हणजे दिवा पेटलेला आहे म्हणून निर्धास्त राहावं, आणि इकडे पाय लटपटायला लागलेले. मराठीत ‘मेलेली हवा’ म्हणा किंवा सरळ ‘ब्लॅकडॅम्प’च ठेवा. ‘विषारी वायू’ म्हणू नका. यात विषापेक्षा प्राणवायूचा तुटवडा मारतो.

शब्दाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. इंग्रजीत ‘डॅम्प’चा मूळ अर्थ वाफ, धूर, घातक वायू. जर्मन ‘डाम्फ’ म्हणजे वाफ, ते याचं सख्खं भावंड. क्रियापदाचा जुना अर्थ गुदमरवणं, कोंडणं. ओलसरपणा हा अर्थ मागाहून, अठराव्या शतकाच्या सुमारास पक्का झाला. आणि ‘गॅस’ हा शब्द? तो सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्टने ग्रीक ‘केऑस’वरून बनवला. म्हणजे शास्त्रज्ञांना वायूसाठी शब्द सुचण्याआधीपासून खाणवाल्यांकडे तो होता. ज्यांना ओल हा मूळ अर्थ वाटतो त्यांनी गाडी उलटी हाकली आहे.

पुढे जाऊ. भाषाशास्त्रज्ञ पोकॉर्नीच्या १९५९च्या इंडो-युरोपीय धातुकोशात हा ‘डाम्फ’ आणि आपला ‘धमति’ एकाच धातूखाली आहेत. धूर निघणं, वाहणं, फुंकणं असा अर्थ. संस्कृत धातुपाठात ‘ध्मा शब्दाग्निसंयोगयोः’, म्हणजे आवाज करणं आणि आग फुंकणं. गीतेच्या पहिल्याच अध्यायात भीष्म ‘शङ्खं दध्मौ’, तो हाच. धमनी यातूनच. फारसीत त्याचंच ‘दम’ झालं, श्वास. तिथून आपल्याकडे दम लागणे, दमा आणि दम बिर्याणी. म्हणजे खाणीतला डॅम्प आणि मराठीतला दम चुलतभाऊ: एक श्वास, दुसरा श्वास कोंडणारा!

नंतरच्या काटेकोर पंडितांना हे रुचत नाही. ते ‘धम्’ वेगळा काढतात, जर्मन शब्द वेगळा ठेवतात. ध्वनिनियमांचा त्यांचा हट्ट समजू शकतो, पण धूर आणि फुंकर यांचं नातं ज्याने चूल पेटवली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि ‘दमणे’ थेट संस्कृत ‘दम्’ म्हणजे काबूत आणणे यातून काढणाऱ्यांना एकच विचारतो: जिना चढून दमलेल्या माणसाला कोणी काबूत आणलं? त्याला धाप लागली आहे, बस्स.

या नात्याच्या नादात एक चूक मात्र करू नका. ब्लूग्रास गायिका हेझल डिकन्सच्या ‘ब्लॅक लंग’ या गाण्याचा ‘दमा’ करू नका. तो कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं निबर होण्याचा आजार आहे. ‘काळं फुफ्फुस’ हे भाषांतर नेमकं बसतं. वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या ९ नंबर खाणीत २० नोव्हेंबर १९६८ला स्फोट होऊन ७८ जण गेले, त्यावरही तिचं गाणं आहे. दहा दिवसांनी ती खाण वरून सील केली, आतल्या आगीला हवा मिळू नये म्हणून. आगीचाच दम कोंडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत खाण-सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि काळ्या फुफ्फुसाची भरपाई त्यात आली.

हो, ‘नीलतृण’ राहिलंच. नको. ब्लूग्रासचा जनक बिल मनरो याने आपल्या वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ नाव दिलं ते केंटकी राज्याच्या टोपणनावावरून, आणि विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत. ते गवतही हिरवंच असतं. शिवाय केंटकीतला जो लेक्सिंग्टनभोवतीचा भाग त्या गवतासाठी प्रसिद्ध आहे तो चुनखडीचा. कोळसा त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला. मनरो स्वतः पश्चिमेकडच्या कोळशाच्या पट्ट्यातला, ट्रॅव्हिसच्या शेजारच्या काउंटीतला.