आतून करायच्या सोनोग्राफीत मागच्या वेळी खूप दुखलं होतं. आता पुन्हा सांगितली आहे. त्रास कमी होण्यासाठी काय करता येईल?

मी रेडिओलॉजिस्ट आहे, ही तपासणी माझ्या रोजच्या कामातली. मागच्या वेळी तुम्ही लघवीला जाऊन आला होतात का? पोटावरच्या सोनोग्राफीला लघवी तुंबलेली लागते, योनीमार्गातून करायच्या आतल्या सोनोग्राफीला, म्हणजे टीव्हीएसला (ट्रान्सव्हजायनल सोनोग्राफी), मूत्राशय रिकामं हवं. बऱ्याच सेंटरांत दोन्ही एकापाठोपाठ करतात आणि गर्दीत मधली बाथरूमची फेरी राहून जाते. मग दुखणारच. 'आधी जाऊन येते' म्हणून सरळ उठा. कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी उठा.

प्रोब, म्हणजे योनीमार्गात घालायची सोनोग्राफीची दांडी, लांब दिसतो, पण त्याचा बराचसा भाग धरण्याची मूठ असते. त्यावर निरोध चढवून वरून जेली लावतात. कोरडं वाटलं तर आणखी जेली मागा, आणि रबराच्या हातमोज्यांनी खाज येत असेल तर आधीच सांगा.

माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक पडतो तो प्रोब पेशंटने स्वतः आत सरकवल्यावर. मी हे विचारते तेव्हा बायका आधी दचकतात, मग हायसं वाटतं त्यांना. तुम्हाला कोणी विचारलं नाही तर तुम्हीच विचारा. कंबरेखाली चादरीची घडी घ्या आणि श्वास सोडताना हळूहळू सरकवा. पुढचं डॉक्टर बघतील. जोर मागच्या बाजूला, गुदद्वाराकडे हवा. पुढे मूत्रमार्गावर आला की टोचतं. 'वर टोचतंय' एवढं म्हणालात तरी कोन बदलता येतो.

पण सगळं दुखणं गिळू नका. प्रोब नेमका कुठे टेकल्यावर दुखतं, हे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) किंवा इन्फेक्शन शोधताना आम्हाला हवंच असतं. 'डावीकडे, पाळीत दुखतं तस्संच' हे वाक्य माझ्या रिपोर्टात जातं. म्हणून साध्या टीव्हीएसआधी मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नका. गर्भाशयात सलाईन सोडून करतात ती तपासणी वेगळी. तिच्यात पाळीसारख्या कळा येऊ शकतात, तेव्हा गोळीचं डॉक्टरांना जरूर विचारा.

'लग्न झालंय का?' असं विचारतात तेव्हा खरं तर शरीरसंबंध आले आहेत का, हे हवं असतं. (हा प्रश्न सरळ विचारायला आम्ही डॉक्टर कधी शिकणार, देव जाणे.) संबंध आले नसतील किंवा संबंधाच्या वेळी खूप दुखत असेल, तर टेबलावर चढण्याआधीच बोला. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर स्त्रीरोगतज्ज्ञ क्रीम देऊ शकतात, तपासणीची घाई नसेल तर ते आधी काही आठवडे वापरता येतं.

डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत नर्स किंवा तुमच्यासोबत आलेली बाई असू द्या. आणि 'थांबा' म्हटल्यावर त्यांनी थांबायलाच हवं. राहिलेलं पोटावरून बघता येतं, गरज पडली तर एमआरआय करता येतो.