व्हिक्टोरियन लंडनमधलं रोजचं जगणं स्टीमपंक कादंबरीसाठी कसं अभ्यासावं?

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या युगात काल्पनिक यंत्रं घालून रचलेली गोष्ट. तुमची कादंबरी 1870च्या लंडनमध्ये घडते, त्यात वाफेवर उडणारी जहाजं आहेत, पितळी गणकयंत्रं आहेत. यंत्रांची माहिती हवी तेवढी मिळाली, पण माणसं दिवसभर काय करतात हे लिहायला बसलं की अडायला होतं, असं तुम्ही म्हणता. मीही याच काळावर कथा लिहितो, म्हणून स्पष्टच सांगतो: यंत्रांचं वाचन आता पुरे करा आणि कोळसा कोण वाहतं ते शोधा.

साल पक्कं केलंत हे उत्तम झालं. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द 1837 ते 1901, म्हणजे जवळपास 64 वर्षांची. बरेच लेखक त्यातलं आवडेल ते उचलतात आणि सगळं एकाच पानावर आणून ठेवतात. 1870 म्हटलं की भुयारी रेल्वे सुरू होऊन सात वर्षं झालीत आणि तीही कोळशाच्या इंजिनावर, म्हणजे बोगद्यात धूर. अटलांटिकखालची टिकाऊ तार 1866 पासून चालू आहे. 1858च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसद हैराण झाली, त्यानंतर बांधलेली मोठी गटारं आता बरीचशी वापरात आहेत. घरातला गॅसचा दिवा मात्र उघड्या, पिवळट ज्योतीचाच. ज्योतीवर बसवायच्या जाळीमुळे पडणारा पांढरा उजेड यायला अजून बराच अवकाश आहे. आणि चार्ल्स बॅबेज अजून हयात आहेत! ते 1871 मध्ये वारले. गणकयंत्राच्या या जनकाचं रस्त्यावर बाजा वाजवत पैसे मागणाऱ्यांशी उभं वैर होतं, आणि 1864 मध्ये त्या बाजेवाल्यांविरुद्ध कायदा झाला त्यात त्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता. असा माणूस कादंबरीत फुकट मिळतोय, सोडू नका.

आता वाचायचं काय? सुरुवात हेन्री मेह्यूपासून करा. हा पत्रकार. 1849 पासून त्याने लंडनच्या फेरीवाल्यांना, भंगारवाल्यांना, नदीच्या चिखलात कोळशाचे तुकडे शोधणाऱ्या पोरांना गाठून त्यांचं म्हणणं जवळपास त्यांच्याच तोंडच्या भाषेत लिहून काढलं. त्यात पाणभाजी (वॉटरक्रेस) विकणारी आठ वर्षांची एक मुलगी आहे. पहाटे बाजारात जाऊन माल घ्यायचा, किती जुड्या बांधल्या की किती सुटतील, हे तिला पाठ. खेळबिळ मात्र माहीत नाही. आणखी एक धंदा वाचून तर मी थक्क झालो: रस्त्यावरची कुत्र्याची विष्ठा गोळा करणं. लंडनच्या बर्मंडसी भागातले चामडं कमावणारे ती बादलीच्या भावाने घेत, साधारण 8 ते 10 पेनी. वाळून चुन्यासारखी झालेली असेल तर जास्त. हातमोज्यांचं आणि पुस्तकबांधणीचं मऊ कातडं तिने साफ व्हायचं. स्टीमपंकमध्ये पानापानावर चामडी हातमोजे असतात, त्यांचा हा पूर्वेतिहास कुणी लिहीत नाही.

घराच्या आतलं शोधायचं असेल तर सगळे मिसेस बीटनचं 1861चं गृहव्यवस्थेचं पुस्तक सुचवतील. वाचा, पण ते मालकिणीला काय हवं होतं ते सांगतं, घडत काय होतं ते नाही. मला त्यातला पगाराचा तक्ता सर्वांत उपयोगी वाटला: घरातलं सगळं एकटीने करणाऱ्या मोलकरणीला वर्षाला 9 ते 14 पौंड. त्या पगारात काय काय करावं लागे, हे कळायला हॅना कलविकच्या डायऱ्या हव्यात. ही स्वतः मोलकरीण होती आणि 1854 ते 1873 या काळात तिने आपली कामं लिहून ठेवली. शेगडी पेटवली, राख काढली, बूट साफ केले, पायऱ्या घासल्या. वाचताना कंटाळा येतो, आणि नेमका तो कंटाळाच तुम्हाला हवाय.

असं एखादं काम जवळून बघा. लोखंडी चुलीतली राख पहाटे काढायची, चाळायची, अर्धवट जळालेले निखारे परत वापरायचे. मग ग्राफाइटची काळी पूड ओली करून ती सगळ्या लोखंडावर चोळायची आणि चकाकेपर्यंत ब्रश मारायचा, मालकीण उठायच्या आत. उरलेली राखसुद्धा वाया जात नसे, कचरेवाले ती नेत आणि तिच्यापासून विटा बनत. जेवणाच्या सुऱ्या गंजायच्या, कारण स्टेनलेस स्टील अजून आलंच नव्हतं. त्या घासायला श्रीमंत घरांत हँडल फिरवायचं एक गोल लाकडी यंत्र असे. हे यंत्र खरं आहे, बाजारात विकत मिळायचं. तुमच्या वैज्ञानिकाच्या स्वयंपाकघरात ते एक ठेवलंत तर दहा काल्पनिक यंत्रांना आधार मिळेल.

यापलीकडे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो तो लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाच्या नोंदींत. 1674 ते 1913 मधले सुमारे 2 लाख खटले इंटरनेटवर फुकट वाचता येतात. खुनाचे खटले सोडा, किरकोळ चोऱ्या वाचा. घड्याळ कुणाच्या खिशातून गेलं, गहाण कुठे पडलं, साक्षीदार त्या वेळी कुठे काय करत उभा होता, हे सगळं तिथे येतं, तेही बोलीभाषेत. संवाद लिहायला याहून चांगली शिकवणी नाही. चार्ल्स बूथचे गल्लीनिहाय गरिबी दाखवणारे रंगीत नकाशेही फुकट आहेत, पण ते 1889 नंतरचे, तेव्हा जपून.

पैशांचा हिशेब एकदा घोटून ठेवा: 12 पेनीचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. आजी-आजोबांकडून आणे-पै ऐकलेल्यांना जड जाणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की आपल्याकडचं पात्र घातलं तर ओढूनताणून वाटेल का. मुळीच नाही. कोकणातले खलाशी आगबोटींवर होतेच, आणि बंदरावर अडकून पडलेल्या आशियाई खलाशांसाठी लंडनच्या लाइमहाउस भागात 1857 पासून वसतिगृह होतं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडच्या प्रवासाबद्दल मराठीतच लिहिलं. ते तुमच्या सालाच्या पुढचं असलं तरी मराठी डोळ्यांना तिकडे काय खटकतं, काय आवडतं, ते त्यात सापडेल. पण माझा खरा उमेदवार वेगळा आहे: मुंबईच्या गोदीतल्या वाडिया घराण्यातले अर्देशर कर्सेटजी. या पारशी अभियंत्याने 1834 मध्ये माझगावचं आपलं घर गॅसच्या दिव्यांनी उजळलं, स्वतः आगबोट बांधली, 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय फेलो झाले, मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून गोऱ्यांवर साहेबी केली. निवृत्तीनंतर ते लंडनजवळच्या रिचमंडमध्ये जाऊन राहिले आणि 1877 मध्ये तिथेच वारले. बॅबेजच्या घरापासून रिचमंड काही फार लांब नाही. दोघांची भेट घडवायची की नाही, ते तुम्ही बघा.