वकिलात बंद झाली म्हणजे संबंध तुटले का?

प्रश्न : भारत आणि पोर्तुगालचे संबंध १९५३ मध्ये तुटले असं एका लेखात वाचलं, दुसऱ्यात १९५५ दिलंय. बरोबर कोणतं? आणि संबंध तुटल्यावर दोन देशांची कामं कशी चालतात? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : १९५५ बरोबर. वकिलात बंद करणं आणि संबंध तोडणं एकच समजलं की हा घोळ होतो.

दोन्ही देशांचे संबंध १९४९ मध्ये सुरू झाले आणि लिस्बनमध्ये भारताची वकिलात आली. पोर्तुगालने १९५१ मध्ये राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हटलं. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच भाग, मग त्यावर बोलणी कसली, अशी भूमिका. बोलायलाच तयार नसलेल्यांच्या राजधानीत वकिलात ठेवून उपयोग काय, म्हणून भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनची वकिलात बंद केली. पण दिल्लीतली पोर्तुगालची वकिलात चालूच होती, भारताचा गोव्यातला वाणिज्य दूतही जागेवर होता. संबंध कायम होते, एका बाजूचं दार तेवढं बंद झालं होतं. ऑगस्ट १९५५ मध्ये भारताने पोर्तुगालला दिल्लीतली वकिलात बंद करायला लावली, १५ ऑगस्टच्या सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर वाणिज्य दूतावासही आवरले. संबंध तुटले ते तेव्हा.

पुढच्या कामांसाठी तिसरा देश लागतो. दिल्लीत पोर्तुगालची बाजू ब्राझील सांभाळत होता आणि पोर्तुगालकडे भारताची बाजू इजिप्त. ही जुनी वहिवाट पुढे देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ४५ व्या कलमात लिहिली गेली. संबंध तुटले, अगदी युद्ध पेटलं तरी यजमान देशाने वकिलातीची इमारत, सामान आणि दप्तर यांना हात लावायचा नाही. ते सांभाळायला तिसरा देश नेमता येतो, फक्त तो यजमानाला मान्य हवा. या तिसऱ्या देशाकडे कैद्यांची विचारपूस, अडकलेल्या नागरिकांची कागदपत्रं, निरोप पोचवणं अशी कामं असतात. राजकीय वाटाघाटी तो आपल्या मनाने करत नाही. त्याला मध्यस्थ म्हणणं चूकच.

शिवाय संबंध तुटले म्हणून कोर्टाची वाट बंद होत नाही. भारतीय मुलखाने वेढलेल्या दादरा-नगरहवेलीला जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्येच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. १२ एप्रिल १९६०च्या निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला, सैन्यासाठी नाही; आणि भारताने हक्कभंग केलेला नाही, असंही न्यायालयाने म्हटलं.

प्रश्न : मग संबंध पुन्हा जुळले कसे? (तेच वाचक)

उत्तर : आधी पोर्तुगालमधली राजवट बदलावी लागली. २५ एप्रिल १९७४च्या क्रांतीत हुकूमशाही गेली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. सही करणारे होते पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरेस आणि आपले यशवंतराव चव्हाण. परराष्ट्र खातं त्यांच्याकडे नुकतंच, ऑक्टोबरमध्ये आलं होतं.

यातली खुबी तारखेत आहे. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व १९७४ पासून मान्य केलं नाही, तर हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून केलं. गोव्यासाठी ती तारीख २० डिसेंबर १९६१, दादरा-नगरहवेलीसाठी ११ ऑगस्ट १९६१. असं मागच्या तारखेने लिहिलं नसतं तर मधल्या तेरा वर्षांतला प्रत्येक सरकारी कागद वादात ओढता आला असता. सही झाली म्हणजे करार लागू झाला असंही नव्हे. दोन्हीकडची मंजुरी होऊन तो लागू व्हायला जून १९७५ उजाडलं.

प्रश्न : राजदूताचं नाव जाहीर झाल्यावर समोरचा देश नकार देऊ शकतो का? (वाचक, नागपूर)

उत्तर : देऊ शकतो, आणि कारण सांगायला बांधील नसतो (व्हिएन्ना करार, कलम ४). म्हणूनच क्रम पाळायचा असतो : आधी नाव गुपचूप कळवून संमती मागायची, तिला ‘आग्रेमाँ’ म्हणतात; ती आली की मग जाहीर करायचं. राजदूत पोचला की अधिकारपत्राची प्रत परराष्ट्र खात्याकडे देतो आणि मूळ पत्र राष्ट्रप्रमुखांना सादर करतो. राजधानीतल्या राजदूतांची ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवर ठरते, वयावर किंवा देशाच्या आकारावर नाही.

नकार सहसा ‘नाही’ या शब्दात येत नाही, उत्तरच येत नाही. इस्रायलने २०१५ मध्ये ब्राझीलसाठी दानी दायान यांचं नाव संमतीआधीच जाहीर केलं. ते वेस्ट बँक या इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी भागातल्या ज्यू वसाहतवाल्यांचे जुने नेते. ब्राझील महिनोन् महिने गप्प राहिला आणि शेवटी २०१६ मध्ये इस्रायलने दायान यांना न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत म्हणून धाडलं. नाव जाहीर नसतं तर ते निमूटपणे बदलता आलं असतं.

प्रश्न : उच्चायुक्त आणि राजदूत यात मोठा कोण? (वाचक, पुणे)

उत्तर : कोणीच नाही. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात, एवढंच. मोझांबिक आणि अंगोला दोन्ही पूर्वी पोर्तुगालचे. पण मोझांबिक १९९५ मध्ये राष्ट्रकुलात आला, म्हणून मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला, भारताचा उच्चायुक्त आणि अंगोलाच्या लुआंडाला राजदूत.

प्रश्न : माझे आजोबा १९४०चे, म्हापशाचे. पोर्तुगीज नागरिकत्व मिळेल असं सांगतात. भारतीय नागरिकत्व ठेवून घेता येईल का? (वाचक, बांदा)

उत्तर : ठेवून नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा वाट देतो; पण स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीयत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं हा गुन्हा ठरतो.

अर्ज अडतात ते बहुधा नावांमुळे. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, आजीच्या लग्नाच्या नोंदीत तिसरं. आधी आजोबांच्या जन्माचा ‘तेओर’ दाखला (मूळ नोंदीची शब्दशः नक्कल) काढा, मग लग्नाचा, मग वडिलांचा, आणि तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती जिथे मूळ नोंद आहे तिथेच होते. एजंटला पैसे द्यायचेच असतील तर हे झाल्यावर द्या.