मंद उजेडातल्या पाणवनस्पती : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न कमी उजेडात तगणाऱ्या छोट्या पाणवनस्पतींबद्दल आहेत. त्यातल्या निम्म्याअधिक तक्रारींच्या मुळाशी घाई आहे. झाड वाढत नाही म्हणून दिवा वाढवायचा, खत वाढवायचं, मुळं धरली का ते उपटून पाहायचं. पण या वनस्पतींची चालच संथ आहे. ती ओळखून वागलं, तर मत्स्यालयाच्या टँकमध्ये टिकायला यांच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

प्रश्न : ॲन्युबियस नानाचं रोप आणून खडीत नीट पुरलं. महिन्याभरात पानं बुडापासून सुटून वर तरंगायला लागली. गंमत म्हणजे पानं चांगली हिरवीगार आहेत. मग झालं काय?

हिरवं पान देठासकट सुटून येतं, तेव्हा दोष पानात नसतो. खालचं खोड कुजलेलं असतं. ॲन्युबियसला एक जाड, आडवं खोड असतं. त्यातून वर पानं निघतात आणि खाली मुळं. मुळं खडीत गेली तर चालतात, पण हे खोड पुरलं की त्याच्याभोवती पाणी खेळत नाही आणि ते सडायला लागतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ही झाडं ओढ्याकाठी, दगडांना आणि पडलेल्या ओंडक्यांना धरून वाढतात. त्यांचं खोड मोकळंच असतं.

रोप बाहेर काढा आणि खोड चिमटीत धरून एका टोकापासून दाबत जा. टणक लागलं तर जिवंत. मऊ पडलं, तपकिरी पाणी सुटलं, घाण वास आला, तर तो भाग मेलेला आहे. धारदार ब्लेडने कापत कापत आतला कट स्वच्छ, फिकट हिरवा दिसेपर्यंत या. बोटाच्या पेराएवढं खोड आणि दोन पानं उरली तरी रोप पुन्हा उभं राहतं. कुजलेला तुकडा टँकमध्ये ठेवू नका.

उरलेलं रोप दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधा. दोरा काही आठवड्यांत विरतो, तोवर मुळं पकड घेतात. सुपरग्लू वापरायचा असेल तर जेलसारखा घट्ट मिळतो तो घ्या, म्हणजे सायनोॲक्रिलेट. हा मासे आणि कोळंबीला चालतो. दगड पुसून कोरडा करा, ठिपका मुळांवर द्या, खोडाला गोंदात बुडवू नका. पाण्यात गेल्यावर गोंद पांढरा पडतो, त्याची चिंता नको.

जावा फर्न हा पाण्यातला नेचा आणि बोर्निओतली छोटी ब्युसेफॅलँड्रा यांनाही हाच नियम. दोन्हींची आडवी खोडं उघडीच ठेवायची.

प्रश्न : क्रिप्टोकोरीन लावून आठवडा झाला आणि सगळी पानं वितळल्यासारखी विरघळून गेली. रोप टाकून देऊ का?

अजिबात नको. रोपवाटिकांमध्ये क्रिप्टोकोरीन बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. त्या पानांची घडण हवेसाठी असते. रोप पाण्यात गेलं की ती पानं सोडून देतं आणि पाण्याला साजेशी नवी काढतं. जागा बदलली, पाण्याचा गुण एकदम बदलला, तरी हेच होतं. सडकी पानं कात्रीने काढा म्हणजे पाणी खराब होणार नाही, आणि मुळांना हात लावू नका. मुळं टणक, पांढरट असतील तर काही आठवड्यांत मधून टोकदार कोंब वर येतो. या काळात रोप उपटून दुसरीकडे लावलं, तर त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

प्रश्न : ॲन्युबियसला दीड महिन्यात एकच नवं पान आलं. म्हणून दिवा दहा-बारा तास चालू ठेवायला लागले. आता पानांवर हिरवे ठिपके आणि कडांना काळे केस आले आहेत. शेवाळ मारायचं औषध घालू का?

औषध नको, दिवा कमी करा. दीड महिन्यात एक पान हे संथ असलं तरी या झाडाच्या बाबतीत काळजीचं नाही. तुम्ही वाढवलेला उजेड त्याला वापरता येत नाही, कारण त्याची वाढ कार्बन डायऑक्साइड आणि पोषणावरही अडते. उरलेला उजेड शेवाळाच्या कामी येतो. शिवाय ॲन्युबियसचं एकेक पान कित्येक महिने जगतं, त्यामुळे शेवाळाला बसायला जुनं, न हलणारं पान मिळतं. भराभर वाढणाऱ्या झाडांत पानं बदलत राहतात, तिथे हा त्रास कमी.

दिवा टायमरवर लावा आणि रोज सहा-सात तासांवर आणा. टँकवर खिडकीतलं थेट ऊन पडत असेल तर तो उजेडही हिशोबात धरा. पडदा लावा किंवा टँक हलवा. ॲन्युबियस दिव्याच्या बरोबर खाली असेल तर लाकडाच्या सावलीत सरकवा. त्याला सावली मानवते.

हिरवे टणक ठिपके नेराइट गोगलगाई बऱ्यापैकी खरवडतात. काळ्या केसांचं शेवाळ मात्र चिवट. ते काळं दिसतं, पण मुळात लाल शैवालांच्या गटातलं आहे, आणि फार थोडे जीव ते खातात. ज्या पानाची सगळी कड काळी झाली आहे ते देठापासून कापून टाका. एका वेळी तीन-चार पानांहून जास्त मात्र नको. खडीतली घाण काढून दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला आणि माशांना मोजकंच खाऊ घाला. जुनी पानं पुन्हा चकचकीत होणार नाहीत. नवी पानं स्वच्छ येत असतील तर उपाय लागू पडला असं समजा.

प्रश्न : जावा फर्नच्या पानाखाली रांगेत तपकिरी-काळे ठिपके आलेत. रोग आहे का?

ठिपके पानाच्या खालच्या बाजूला, ठरावीक अंतरावर, किंचित उठलेले असतील तर ती बीजाणूंची पुरळं आहेत. नेच्यांना ती येतातच. पानाच्या टोकाला इवली पानं आणि केसासारखी मुळं फुटली तर तोही रोग नाही, ते पिल्लूरोप आहे; दोन-तीन पानांचं झालं की अलगद खुडून दगडाला बांधा. पान पारदर्शक, चिखलासारखं होत असेल तरच काळजी करा.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. मग खत तरी घालावं का?

या झाडांना सिलिंडर लागत नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस माशांच्या विष्ठेतून आणि खाद्यातून मिळतं. कमी पडतं ते बहुधा पोटॅशियम आणि लोह. जुन्या पानांना बारीक भोकं पडून त्यांच्या कडा पिवळ्या होत असतील तर पोटॅशियमचा संशय घ्या. कोवळी पानंच फिकट येत असतील तर लोहाचा. ॲन्युबियस आणि फर्नसाठी पाण्यात घालायचं द्रव खत, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, पुरे. क्रिप्टोकोरीन मुळांनी जेवते, तिच्या बुडाशी खताची गोळी खडीत खुपसा.

‘द्रव कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असतं. ते जास्त झालं तर मॉस आणि व्हॅलिस्नेरियासारखी पाणझाडं कोमेजतात, कोळंबीलाही त्रास होतो. मंद उजेडाच्या टँकला त्याची गरज नाही.

प्रश्न : तळाला हिरवळीचा गालिचा हवा आहे. बियांचं पाकीट टाकून होईल का?

ते पैसे वाचवा. गालिच्यासाठी वापरली जाणारी झाडं सहसा रोप म्हणून किंवा ऊतीसंवर्धनाच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) डबीत मिळतात, बियांत नव्हे. पाकिटातलं बी सुरुवातीला हिरवंगार उगवतं, पण बऱ्याचदा ते कायम पाण्याखाली राहणारं झाडच नसतं आणि काही आठवड्यांत कुजून पाणी बिघडवतं. आणि ‘क्यूबा’ नावाच्या प्रसिद्ध बारीक पानांच्या झाडाला प्रखर दिवा व कार्बन डायऑक्साइड लागतो. मंद उजेडात तसा दाट गालिचा होत नाही, हे मान्य करून पुढे जावं.

जवळपास जायचं असेल तर स्टीलच्या जाळीवर जावा मॉस पातळ पसरून दोऱ्याने बांधा आणि जाळी तळाशी ठेवा. मॉस उंच झालं की कात्री लावा. खालचा थर उजेडाला मुकला तर तपकिरी होऊन सुटतो. श्रीलंकेची क्रिप्टोकोरीन पार्वा ही क्रिप्टोकोरीनांतली सर्वांत छोटी. पण तिला तिच्या भावंडांपेक्षा जास्त उजेड लागतो आणि ती वाढतेही फार हळू. तिची जागा टँकमधल्या सगळ्यांत उजळ कोपऱ्यात.

प्रश्न : रात्री झाडं ऑक्सिजन घेतात म्हणे. मासे गुदमरतील का?

घेतात, दिवसाही घेतात. पण मोजकी छोटी झाडं मासे आणि जिवाणूंच्या मानाने फारच थोडा ऑक्सिजन वापरतात. फिल्टर रात्री बंद करू नका, पाण्याचा पृष्ठभाग हलता राहू द्या. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर झाडांना दोष देण्याआधी माशांची गर्दी आणि तळाची घाण बघा.

प्रश्न : मत्स्यालयासाठी म्हणून घेतलेला लकी बांबू पाण्याखाली पिवळा पडतोय. उजेड कमी पडतोय का?

उजेडाचा प्रश्न नाही. लकी बांबू म्हणजे ड्रॅसिना, ते जमिनीवरचं झाड आहे. त्याची मुळं पाण्यात चालतात, पानं बुडालेली चालत नाहीत. पीस लिली, सिंगोनियम आणि मोंडो गवतही अशीच पाणवनस्पती म्हणून विकली जातात. बांबू इतका उंच ठेवा की शेंडा पाण्याबाहेर राहील, आणि पाण्याखालची पिवळी पानं काढून टाका. खोड अजून टणक असेल तर तो सावरेल. मऊ झालेला असेल तर आजच बाहेर काढा.