चालू फर्निचर कारखाना विकत घेताय? आधी अर्धवट ऑर्डरी मोजा

तुमचा बेत मला समजला तो असा: चाकणजवळचा ऑर्डरप्रमाणे फर्निचर करणारा कारखाना, 12 कामगार, मालक आता थांबतायत, तुम्ही नोकरी सोडून तो घेणार आणि लगेच सीएनसी राउटर (संगणकावरच्या ड्रॉइंगप्रमाणे लाकूड कापणारं यंत्र) बसवून वर्षभरात उलाढाल दुप्पट करणार. मीही असाच चालता कारखाना घेतलेला माणूस आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. सीएनसी थांबू शकतो, आधी वही बघा.

मालक तुम्हाला यंत्रांची यादी दाखवतील: पॅनल सॉ, एज बँडर, रंधा मशीन, कॉम्प्रेसर. ती सगळी बाजारात मिळतात. तुम्ही यादी मागा ती अर्धवट ऑर्डरींची. या धंद्यात ॲडव्हान्स आधी येतो आणि बहुतेक वेळा तो मागच्याच कामात खर्च झालेला असतो. समजा 4 लाखांची ऑर्डर आहे, 2 लाख 40 हजार घेऊन झालेत, आणि कारखान्यात फक्त सागवान येऊन पडलंय. प्लाय आणि हार्डवेअर 90 हजार, मजुरी 70, पॉलिश 40, टेम्पो आणि फिटिंग 15, म्हणजे अजून 2 लाख 15 हजार घालायचेत आणि गिऱ्हाइकाकडून येणार 1 लाख 60. ही ऑर्डर तुम्ही 55 हजारांच्या तोट्यासकट विकत घेताय. अशा सात-आठ असल्या तर काय होईल ते तुम्हीच मांडा. प्रत्येक ऑर्डरचा असा हिशेब करून ती रक्कम किमतीतून वजा करायची. मालक भला माणूस असला तरी करायची.

दुसरं देणं वहीत दिसतच नाही. 10 किंवा जास्त कामगार असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते, वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. 20 हजार पगाराचा मिस्त्री 18 वर्षं तिथे असेल तर त्याचेच सुमारे 2 लाख 8 हजार होतात. हे आधीच्या मालकांनी द्यायचं की तुम्ही, ते करारात लिहून घ्या.

कराचं काम सीएवर सोपवा, फक्त एवढं विचारा: चालता धंदा एकसंध घेतला तर त्या व्यवहारावर जीएसटी नाही, सुटी यंत्रं घेतली तर आहे. आधीच्या मालकांचं शिल्लक इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-02 फॉर्मने तुमच्याकडे येतं.

आता वाढीचं. अशा कारखान्यात भाव मालकाच्या डोक्यात असतो. गिऱ्हाईक फोटो दाखवतं, मालक डोळे बारीक करून आकडा सांगतात, आणि तो बरोबर निघतो. तुम्ही तोच आकडा रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीच्या हिशेबाने, सांगायला गेलात की मार खाल. सव्वा इंची फळी रंधून एक इंच केली की तिथेच 20 टक्के लाकूड भुशात गेलं. गाठी, चिरा, कडेचा पांढरा भाग, लांबीतले तुकडे अजून धरलेच नाहीत. म्हणून मालकांना निदान सहा महिने पगारावर ठेवा आणि प्रत्येक कोटेशन दोघांनी वेगवेगळं काढा. काम संपल्यावर खरा खर्च त्याच कागदावर लिहायचा. तुमचा आकडा खऱ्या खर्चाच्या जवळ यायला लागला की मग जाहिरात करा. त्याआधी ऑर्डरी वाढल्या तर तोटाच वाढेल.

सीएनसीबद्दल: तो ड्रॉइंगमध्ये असेल तेच कापतो. तुमच्याकडे ड्रॉइंग मिस्त्रीच्या पेन्सिलीत आहे, प्लायच्या तुकड्यावर. आधी एक मुलगा किंवा मुलगी ड्रॉइंग आणि कटिंग लिस्टसाठी घ्या. राउटरसोबत व्हॅक्यूम पंप आणि भुसा ओढणारं यंत्रही येतं, त्यामुळे महावितरणचा मंजूर भार पुरतो का तेही आत्ताच तपासा.

काम बहुतेक कारखान्यांत अडतं ते पॉलिशपाशी. सगळ्यांना फर्निचर गणपतीच्या आधी हवं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत हवेतल्या दमटपणामुळे मेलामाइन पॉलिश पांढरं पडतं. बंद, कोरडी पॉलिशची खोली केली तर तेवढ्याच माणसांत जास्त माल बाहेर पडेल. खर्चही राउटरच्या मानाने किरकोळ. सोबत एक मॉइश्चर मीटर घ्या, दोन-तीन हजारांत येतो. पुण्याच्या भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून आलेल्या सागवानात ओल 12 टक्क्यांच्या वर दिसली तर लगेच कापायला घेऊ नका, नाहीतर ड्रॉवर दिवाळीनंतर हलायला लागतात आणि फुकटच्या फेऱ्या तुमच्या माथी येतात.

प्रत्येक मिस्त्रीशी मालकांसमोर वेगवेगळं बोला, सौदा पक्का होण्याआधी. हेडमिस्त्री राहणार नसेल तर भाव पुन्हा ठरवा. आणि जागा भाड्याची आहे का ते तुम्ही सांगितलं नाहीत. असेल तर जागामालकाशी नवा करार सहीला तयार असल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.