अलियाआधी सातबारा

प्रिय भाचीस,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुम्ही सगळे अलिया करताय, म्हणजे ज्यू म्हणून इकडे इस्रायलला कायमचे राहायला येताय. पण पत्रात येरुशलेम भरपूर आहे आणि अपोस्टीलचा, म्हणजे आपले दाखले परदेशात चालावेत म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचा, पत्ता नाही, म्हणून हे लांबण लावतोय. ज्या देशासाठी आपण सिनेगॉगमध्ये प्रार्थना करतो, त्याची तयारी तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. ज्या देशात खिडकीपुढे नंबर लावून उभं राहायचं, त्याची मात्र कुणीच केलेली नाही. दाजी भावनेच्या भरात आहेत, ताई भांडी बांधतेय. तेव्हा ही फाइल तुझ्याकडे.

पहिली गोष्ट नावांची. तुझ्या पणजोबांचं नाव एका कागदावर आबाजी असेल, दुसऱ्यावर अब्राहम. आपल्याकडे सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल, हे कोकणात सगळ्यांना कळायचं. इथल्या अधिकाऱ्याला का कळावं? आडनावाचंही तेच. कुणी गावावरून लावलं, कुणी वडिलांचंच नाव पुढे चालवलं. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, पासपोर्ट समोरासमोर ठेव आणि जिथे फरक दिसेल तिथे दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घे. अपोस्टील त्यानंतर.

आणि कतुबा, म्हणजे ज्यू लग्नाचा करारनामा. आईबाबांचा, दोन्हीकडच्या आजीआजोबांचा, मिळाला तर त्यामागचाही. मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेव. नागरिकत्व इस्रायलच्या परतीच्या कायद्याने मिळतं. त्याला 1970 च्या दुरुस्तीनंतर एक ज्यू आजी किंवा आजोबा पुरतात. पण लग्न रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीत लागतं आणि ती कचेरी आईकडची परंपरा तपासते. 1962 मध्ये मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करायचा फतवा काढला होता. आपल्या लोकांनी आंदोलन केलं, 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत असं जाहीर केलं. तू म्हणशील, मग आता कशाला? अगं, ठराव भिंतीवर राहतो, टेबलावर कागद लागतो.

त्याआधी 1951-52 मध्ये इथल्या बेएर-शेवा शहरातल्या काही बेने इस्रायलांनी भेदभावाला कंटाळून धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले. गेलेही परत. पुढे त्यांतले पुष्कळ पुन्हा इकडेच आले! मला त्यांचं दोन्ही वेळचं वागणं पटतं. घरात ही गोष्ट आत्ताच सांग, म्हणजे पहिल्या हिवाळ्यात दाजी ‘उगाच आलो’ म्हणाले तर कुणी त्यांना गद्दार ठरवणार नाही.

हिब्रू तुला वाचता येतं असं तू लिहितेस. येतं ते प्रार्थनेच्या पुस्तकातलं, खाली-वर स्वरखुणा दिलेलं. बसवरच्या पाटीवर आणि विजेच्या बिलावर त्या खुणा नसतात. उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या हिब्रू वर्गात, शिकवतील, पण इथे उतरण्याआधी रोज एखादी बातमी खुणांशिवाय वाचायची सवय लाव. धाकटीशी सैन्याबद्दल बोला. इथे मुलींनाही अठराव्या वर्षी बोलावणं येतं. नव्याने आलेल्यांना वयानुसार नियम वेगळे असतात, ते ज्यूइश एजन्सीकडून, म्हणजे अलियाचं काम बघणाऱ्या संस्थेकडून, लेखी घ्या. भाड्याचं घर बघताना रॉकेट हल्ल्यात आसरा घ्यायची सुरक्षित खोली आहे का, हे भाड्याच्याही आधी विचारायचं.

आजीचं सगळ्यात अवघड. तिला या वयात उल्पानला बसवू नका. दिमोना, अश्दोद, लोद इथे मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत. घर त्यांच्या जवळ घ्या, दाजींची नोकरी थोडी लांब पडली तरी चालेल. बिरड्याच्या रोज्याला, आपल्या त्या उपासाला, वाल कुठे मिळतील याची तिला काळजी आहे म्हणे. मिळतात. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने करायच्या मलिद्याचे पोहेही मिळतात. निघण्याआधी तिला अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या जागी घेऊन जा आणि नवगावच्या कबरस्तानातही. तिथे घाई करू नका.

आता जमीन. इस्रायलचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. मग पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढायचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र ठेवता येते. म्हणून चुलत्यांच्या घाईपायी अलिबागची वाडी कवडीमोलाने देऊन टाकू नका. एकदा गेली की पुन्हा घेता यायची नाही. तुझ्या आजोबांनंतरची वारसनोंद अजून सातबाऱ्यावर चढलेली नाही, असं ताई मागे म्हणाली होती. आधी तो फेरफार करून घ्या. तलाठ्याला पावसाळ्याआधी गाठा, दाजींना बरोबर ने, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती ठेव.

तुझा,
मामा