गोबऱ्याच्या तोंडात शिरलेला मासा

प्रश्न : ताई, गोव्यातल्या ग्रँड आयलंडला सुझीज रेकवर माझा पहिलाच डाइव्ह झाला. बुडालेल्या बोटीच्या लोखंडाखाली एक गोबरो (ग्रुपर मासा) 'आ' वासून थांबला होता. बोटभर लांबीचा, निळसर अंगावर काळा पट्टा असलेला मासा सरळ त्याच्या तोंडात शिरला आणि बाहेर आला! मग तसल्याच एकाने माझ्या कानाला टोचलं. फोटो अगदीच धूसर आलाय. हा कोणता मासा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पहिल्याच डाइव्हला हे दिसलं, भाग्यवान आहात! तोंडात शिरून सुखरूप बाहेर येणारा तो क्लीनर रॅस, म्हणजे इतर माशांची सफाई करणारा मासा. गोबऱ्याच्या कल्ल्यांतले, तोंडातले परजीवी किडे हे त्याचं जेवण. खरं तर त्याला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो, पण तो ओरबाडला की गिऱ्हाईक झटका देऊन निघून जातं.

कानाला टोचलं म्हणून तो दुसरा कुणी, असं मात्र धरू नका. खरा क्लीनरही पाणबुड्यांच्या कानाला, नखांच्या कडेला टोचतो. पण याच रंगरूपाचा एक तोतया आहे, फॉल्स क्लीनरफिश. तो ब्लेनीच्या कुळातला. सफाईच्या नावाखाली जवळ येतो आणि पराचा लचका तोडतो. रंगावरून दोघे ओळखू येत नाहीत, म्हणून मी नेहमी तोंड बघायला सांगते. खऱ्याचं तोंड थुतराच्या अगदी टोकाला असतं. तोतयाचं खालच्या बाजूला, वर नाक पुढे आलेलं, मोरीसारखं (शार्कसारखं). पोहण्यावर मात्र जाऊ नका. खरा छातीजवळचे पर मारत वरखाली डुलत जातो, पण तोतया त्याचीही नक्कल करतो. आणि पूर्ण काळ्या अंगावर झगझगीत निळी रेघ दिसली, तर ते क्लीनरचं पिल्लू असू शकतं, पण तिथेही तोंड बघाच.

मला या माशाचं संसाराचं गणित फार आवडतं. एक नर, चार-पाच माद्या. नर गेला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरच नर होते.

आपल्याकडे पाणी गढूळ, बऱ्याचदा तीन-चार मीटरपलीकडे दिसत नाही. त्यामुळे माशामागे पोहू नका. क्लीनर आपली जागा सोडत नाही, गिऱ्हाइकंच त्याच्याकडे येतात. पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा जा, त्याच लोखंडापासून दीड-दोन मीटरवर स्थिर राहा, हात जवळ घ्या आणि पाच मिनिटं थांबा. फोटो बाजूने काढा, तोंड स्पष्ट येईल असा, आणि मला पाठवा.